मसुदा तोच

शाळेच्या मास्तरांनी दोघांचीही जन्मतारीख एकाच सालची एक जून लावलेली. त्यामुळे सांगलीच्या सरकारी कचेरीतले हंबीरराव आणि जयपालअण्णा १९७४ साली एकाच दिवशी निवृत्त झाले. निरोप समारंभात दोघांनी एकमेकांवर विनोदी भाषण करायचं ठरलं. शेवटचा हशा आपलाच असावा म्हणून अण्णा आठवडाभर खपले.

"तीस वर्षांत हंबीररावांनी एकही पत्र स्वतःच्या डोक्यानं लिहिलं नाही. जुनं पत्र काढायचं, नाव बदलायचं, की झालं काम!"

कचेरी पोट धरून हसली.

मग हंबीरराव उठले. "आवं अण्णा, माझं लिवायचंच ऱ्हायलं. तुमचाच कागूद द्या की हिकडं."

त्यांनी तेच भाषण अण्णांचं नाव घालून वाचलं.



या खेपेला कुणी हसलं नाही. सगळ्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या.