पाटी कितव्या मिनिटाला?

"पिझ्झा हा काय जुगार झाला का हो, मॅडम?" कोच वेंडेल क्रॅट्कीनं विचारलं.

"झाला," प्रुइट मॅडम म्हणाल्या. नेब्रास्कातल्या त्या कॉलेजात खेळाडू नियम पाळतात की नाही हे बघणं त्यांचं काम, आणि त्यात त्यांनी आजवर कोणाची गय केलेली नव्हती. "खेळावर लावलेली पैज ती पैजच, पैशांची असो नाहीतर पिझ्झाची. नियम शिकवला होतात ना पोरांना?"

"शिकवला म्हणजे काय! एकेकाची सही आहे." क्रॅट्कीनं कागदांचा गठ्ठा पुढे ढकलला. दरवर्षी बास्केटबॉलचे नवे बूट वाटायच्या दिवशीच तो नियमांचा कागद फिरवायचा. सही नाही तर बूट नाहीत. पाच मिनिटांत अख्खा संघ कायदेपंडित व्हायचा.

"वाचला कोणी?"

क्रॅट्कीनं गठ्ठा हळूच परत ओढून घेतला. मॅडमनी 'कोच जबाबदार' एवढं लिहिलं की बावीस वर्षांची नोकरी गेलीच.

"पण पैज होती कशावर? आमच्या हरण्यावर?"

"तुमच्यावर. भडकून हातातली पाटी कितव्या मिनिटाला आपटता, त्यावर. शनिवारी सातव्या मिनिटाला आपटलीत."

"माझ्यावर?"

"वर्षभर चाललंय. पुन्हा होणार नाही याची हमी देता? तर या खेपेला ताकीद देऊन सोडते."

"हमी? अहो, मी इथं बसलेला असताना पैज लावायची कोणाची छाती आहे?" क्रॅट्कीचे कान लाल झाले. डावपेच आखायची पाटी टेबलावरून हातात कधी आली, त्याचं त्यालाच कळलं नाही. हात डोक्याच्या वर गेला.

तेवढ्यात केबिनच्या काचेपलीकडे कोर्टावर नजर गेली. सराव थांबला होता. सगळी पोरं आळीपाळीनं त्याच्याकडे आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती.

क्रॅट्कीनं दात आवळले, हात खाली आणला आणि पाटी अलगद टेबलावर ठेवली. मॅडमना बरं वाटलं असावं. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

बाहेर अकरा जणांनी कपाळाला हात लावला. बारावा, लंबूटांग ओरिन टॅगर्ट, नाचतच सुटला. त्याचं ओरडणं काचेतूनही स्वच्छ ऐकू आलं.

"म्हटलं होतं ना, म्हातारा आज नाही आपटणार! आणा रे पिझ्झा!"

मॅडमनी टोपण पुन्हा काढलं.