मी आहो तोवर

"नाई म्हणू नोको, इस्तारी. आठ दिवस आहेत तुह्याकडे. अकराव्याच्या सकाळी मले या गाडीत रेडिओ वाजलेला पाहिजे."

कमलाबाईंनी नव्या रेडिओचा खोका बॉनेटवर ठेवला. मूल गावातल्या इस्तारीच्या गॅरेजसमोर रामाजीभाऊंची जुनी फियाट उभी होती. गडचिरोलीहून बाईंनी ती एकटीने चालवत आणली होती. अंगावर पांढरी साडी होती. भाऊ कुणालाच, अगदी कमलाबाईंना, स्वतःच्या बायकोलाही, या गाडीच्या स्टेअरिंगला हात लावू देत नसत. इस्तारीला हे चांगलं ठाऊक होतं.

"भाऊ कुठी आहेत?" त्याने विचारलं.

"गेले."

इस्तारीच्या हातातला पाना निसटला. "केव्हा?"

"परवा. नागपूरले."

"असे एकाएकी?"

"बीपी होतंच. डाक्टर सांगून सांगून थकला होता."

"तरास झाला काय?"

"नाई बा. हात जोडले अन् शांत गेले."

इस्तारी आडव्या टायरवर बसला. "मले कळवलं नाई, बाई."

"कोनालेच नाई कळवलं. टाइमच कुठी भेटला? आता घरात चिडीचूप आहे. त्याइचा फोन बी बंद. तीस वर्षं गाडीत त्याइचाच आवाज ऐकला मी. आता..." पदर तोंडाला लावून बाईंनी मान वळवली.

इस्तारी मासे धरणाऱ्या घरातला. बाप लवकर गेलेला. एसटीच्या वर्कशॉपमध्ये पाना कसा धरायचा हे त्याला भाऊंनीच शिकवलं, आणि स्वतःचं गॅरेज उघडलं तेव्हा पहिला पानाही त्यांनीच दिला.

"पन बाई, भाऊनं माह्यापासून वचन घेतलं होतं. मी आहो तोवर या डॅशबोर्डले कानस लागली नाई पाहिजे, म्हणले होते."

"आहो तोवर म्हणले ना? मंग? आता आहेत काय इथी?"

बाई खोका ठेवून, बस पकडून घरी गेल्या.

भाऊ नसले तरी वचन होतं. इस्तारी हट्टाला पेटला. रेडिओ बसवायचा, पण डॅशबोर्डाच्या पत्र्यावर एक ओरखडा उठू द्यायचा नाही. बाकीची गिऱ्हाइकं त्याने सरळ परत पाठवली. भाऊंचा फोटो जवळ नव्हता, म्हणून त्यांनी दिलेल्या पान्यालाच त्याने खिळ्यावर टांगून हार घातला. त्याची बायको गोकुळा हसू आवरत म्हणाली, "पान्याची पूजा दसऱ्याले करत असते." मग नवऱ्याचा चेहरा पाहून तिने पान्यापुढे उदबत्ती लावली.

जुन्या, बंद पडलेल्या रेडिओची जागा एवढीशी. दोन बाजूंना फिरवायच्या दोन खुट्या आणि मधे काचेची पट्टी. नवा रेडिओ तिथे मावणं शक्यच नव्हतं. दुसरा कोणी असता तर पत्रा कापून अर्ध्या तासात मोकळा झाला असता. इस्तारीने आधी सामानाच्या कप्प्यात बसवून पाहिला, तर झाकण लागेना. सीटखाली ठेवला, तर बटणं हाताला येईनात. कामाच्या तिसऱ्या दिवशी त्याने कोऱ्या करकरीत रेडिओचे स्क्रू काढले आणि आतला सगळा जीव जुन्या रेडिओच्या रिकाम्या डब्यात भरायला घेतला.

दोनदा चटके बसले. एकदा सगळं जोडून झालं आणि रेडिओ नुसताच घोंघावला. "भाऊ, तुमची शपथ," तो हार घातलेल्या पान्याला म्हणाला, आणि पुन्हा सगळं सुटं करून बसला.

भाऊंच्या दहाव्याच्या दिवशी डावी खुटी फिरवली तर आवाज वाढला, उजवी फिरवली तर स्टेशन बदललं. पत्रा जसाच्या तसा. इस्तारी एकटाच गाडीत बसून रडला. मग तळ्यावर गेला आणि त्याने डोकं भादरून घेतलं. भाऊंना मुलगा नव्हता. कोणीतरी करायला हवंच होतं.

अकराव्या दिवशी सकाळी बाई आल्या. इस्तारीने टोपी कानापर्यंत ओढली होती. रेडिओ ऐकून बाई लहान पोरीसारख्या हरखल्या.

"एक बी ओरखडा नाई? भाऊच्या वर निघाला रे तू!"

"भाऊचीच पुण्याई, बाई. तुम्ही खचू नोका."

"मी काऊन खचू?" बाई स्टेअरिंगवर बसल्या. "चाल, स्टँडवर जाऊन येऊ. नागपूरच्या बसनं पाहुणे येऊन राह्यले."

पाहुणे म्हणजे अकराव्याचे सोयरे, इस्तारीने ओळखलं. बिचारी सगळं एकटीच पाहते आहे, असं वाटून त्याला भरून आलं. पाहुण्यांचं सामान उचलू लागावं म्हणून तोही गाडीत बसला.

स्टँडवर बस लागली. माणसं उतरली. सगळ्यात शेवटी पांढरा सदरा घातलेला एक म्हातारा काखेत सतरंजीची वळकटी धरून उतरला आणि तरातरा फियाटकडे आला. इस्तारी गाडीतून उतरला आणि भूत दिसल्यासारखा दाराला धरून उभा राहिला.

"झाली का विपश्यना?" बाईंनी विचारलं.

"झाली ना! दहा दिवस तोंड शिवून होतो, आता तुह्या कानाची खैर नाई," म्हणत म्हाताऱ्याने आत वाकून, सवयीने, डॅशबोर्डावरून बोट फिरवलं. पत्रा शाबूत होता. मग बाईंनी खुटी फिरवली आणि गाडीत गाणं सुरू झालं. म्हातारा बायकोकडे पाहतच राहिला. मग इस्तारीकडे वळला, पाठीवर त्याने जोरात थाप मारली, आणि त्या धक्क्याने टोपी खाली पडली.

रामाजीभाऊंचा चेहरा उतरला. त्यांनी इस्तारीला जवळ ओढलं, त्याच्या गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवला आणि हळूच विचारलं, "कोन गेलं रे बापा तुह्या घरचं?"