चिटणीसांच्या पत्नीसाठी

चर्चच्या पाळकांचा घसा नेमका त्याच रविवारी बसला. साता समुद्रापलीकडच्या भगिनी मंडळीची पाहुणी भाषणाला उभी राहत होती, आणि दर खेपेला पाहुण्यांचं इंग्रजी वाक्यावाक्याला उलगडून सांगणाऱ्या पाळकांच्या तोंडून नुसती हवा येत होती. त्यांनी पहिल्या बाकावरच्या शाळेच्या बाईंना खुणेनं बोलावलं. बाईंची उभी हयात इंग्रजी शिकवण्यात गेली होती.

“तू दमशील,” बाईंचे यजमान कुजबुजले. ते मंडळीचे चिटणीस.

“तोंडच तर हलवायचंय,” बाई म्हणाल्या आणि उठल्या.

गेले काही महिने त्यांना कुणी इकडची काडी तिकडे करू देत नव्हतं. जठराला सूज आली एवढंच निमित्त. पण गायनवृंदातल्या बायका खुर्ची काय पुढे करत, हातातली पिशवी काय काढून घेत. जिनं कित्येक वर्षं अबोला धरला होता, तीसुद्धा घरी येऊन पाय चेपून गेली. निवृत्ती जवळ आली की लोक गोड बोलायला लागतात, अशी बाईंनी आपली समजूत करून घेतली होती.

ओळख करून द्यायला पाळकांना आवाज नव्हता. पाहुणी हसली, बाई हसल्या आणि काम सुरू झालं. ही बाई कोण, कुणाची, हे पाहुणीनं विचारलं नाही. दुभाष्याची चौकशी कोण करतं?

“आम्ही प्रेस्बिटेरियन लोक साधी प्रार्थना करायची झाली तरी आधी समिती नेमतो,” पाहुणी म्हणाली. बाईंनी ते असं रंगवून सांगितलं की मागच्या बाकांपर्यंत खसखस पिकली. बाई खुशीत आल्या. दोन मंडळ्यांची जुनी भागीदारी, येणंजाणं, एकमेकांच्या सुखदुःखासाठी प्रार्थना, सगळं त्या सराईतपणे सांगत गेल्या.

“गेले काही महिने आमच्या बायका तुमच्यातल्या एका बहिणीसाठी दर बुधवारी जमतात,” पाहुणी म्हणाली. बाईंनी सांगितलं, आणि ही कोण बरं, असा विचारही केला.

“तुमच्या चिटणीसांच्या पत्नीसाठी.”

बाईंना हसू आलं. आपलं पोट दुखणं पार परदेशात जाऊन पोचलं म्हणायचं. “चिटणीसांच्या पत्नीसाठी बरं का,” त्या म्हणाल्या आणि कुणीतरी हसेल म्हणून थांबल्या. कुणी हसलं नाही. चिटणीसांचं इंग्रजी मात्र आपल्या हुद्द्यापुरतं होतं. पाहुणीच्या तोंडून ‘सेक्रेटरी’ हा शब्द ऐकल्यापासून ते अभिमानानं मान डोलावत होते, ते बाईंचे शब्द कानावर पडताच थांबले.

“डॉक्टरांनी हात टेकलेत असं तुमच्या पाळकांनी कळवलं, तेव्हा आमच्यातल्या कित्येकींना रडू आवरलं नाही.”

पाळक अर्धवट उठले. त्यांनी तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही.

हे वाक्य तिथं पाहुणीखेरीज फक्त दोघांना कळलं होतं, बाईंना आणि पाळकांना. गिळून टाकलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता. घरी जाऊन जठराची गोळी घेता आली असती.

“डॉक्टरांनी हात टेकलेत,” त्या यजमानांकडे बघत म्हणाल्या, “असं आपल्या पाळकांनी तिकडे कळवलं. तेव्हा तिकडच्या बायका रडल्या.”

आणि त्यांनी बाकांवरून नजर फिरवली. कुणी दचकलं नव्हतं. गायनवृंदातल्या बायकांनी एकदम गीतांच्या पुस्तकात डोकी घातली होती. पाय चेपणारीनं तोंडाला रुमाल लावला होता. सगळ्यांना ठाऊक होतं. मरणाची भीती मागाहून येणार होती. आत्ता बाईंना आली ती चीड, पायापासून डोक्यापर्यंत.

पाहुणीचे डोळे भरून आले होते. “मरण समोर दिसत असताना ही बहीण किती शांत आहे, हसतमुखानं मुलांना शिकवते आहे, हे ऐकून आमचा विश्वास बळकट झाला.”

“मरण समोर दिसत असताना,” बाई वर्गात शुद्धलेखन घालावं तशा स्पष्ट आवाजात म्हणाल्या, “ही बहीण किती शांत आहे. त्यामुळे त्यांचा विश्वास बळकट झाला.”

चिटणीस उठून व्यासपीठाकडे यायला लागले. बाईंनी हातानंच त्यांना खाली बसायला सांगितलं. ते बसले.

“त्या बहिणीनं कृपा करून उभं राहावं,” पाहुणी म्हणाली. “आम्हाला तिला डोळे भरून बघायचंय.”

बाईंनी तेही सांगितलं. कुणी उठलं नाही. पाहुणी एकेका बाकाकडे आशेनं बघत राहिली आणि मग बाईंच्या कानाशी झुकून म्हणाली, “आज आल्या नाहीत का त्या?”

“आल्यात,” बाई इंग्रजीत म्हणाल्या. “पण त्यांना आत्ताच कळलंय. तुम्ही प्रार्थना सुरू करा, मी पाठोपाठ सांगते.”

पाहुणीला त्यातलं निम्मंच उमगलं असावं. तिनं हात जोडले. “आपण सगळे डोळे मिटू या,” ती म्हणाली.

“डोळे मिटा,” बाईंनी सांगितलं.

इतक्या घाईनं त्या मंडळीनं डोळे कधीच मिटले नव्हते.