लाटण्यावरची तार

धुळ्याला आमच्या गल्लीमागे वायरलेसचा मोठा टॉवर उभा राहिला, तसे सगळे रेडिओ नुसते घरघरू लागले. जळगाव केंद्र तर ऐकूच येईना. यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान, पण यांनीही हात टेकले. शेवटी मीच माझ्या लाटण्यावर तांब्याची तार गुंडाळली, कंडेन्सर जोडला आणि ते रेडिओच्या एरियलला लावलं. टॉवरचा दणका तेवढा अडला आणि लांबचं जळगाव खणखणीत आलं.

युक्तीचा बोलबाला झाला. जळगाव केंद्राने यांना मुलाखतीला बोलावलं. शेजारची भागाबाई आमच्या रेडिओपुढे मांडी घालून म्हणाली, "अक्का, आज तुमनं नाव येई!"

हे रेडिओवर बोलले, "युक्ती माझीच. आमच्या मंडळींकडे नुसतं लाटणं मागितलं, तर दोन दिवस रुसून बसल्या!"



माझ्या तारेने त्यातला एकेक शब्द खणखणीत ऐकवला.