शत्रूचा मेकॅनिक

युद्धाला तास उरला होता. रणांगण म्हणजे दोन खुर्च्या, संगणकाचे दोन पडदे आणि त्यांवरची दोन विमानं. हरणाऱ्या देशाने सीमेवरचं वादातलं खोरं सोडायचं. नियमाप्रमाणे वैमानिक हेमांगीची जॉयस्टिक शत्रूचा म्हातारा मेकॅनिक लावत होता आणि ती डोळ्यांत तेल घालून बघत होती.

थ्रॉटल सरकवून पाहत त्याने दुभाषी यंत्रातून विचारलं, "बाई, अंगठा दुखतो ना? मघाशी कप नुसत्या बोटांनी धरलात."

ती चपापली. हे तिने आपल्या माणसांनाही सांगितलं नव्हतं.

त्याने गोळीबाराचं बटण अंगठ्याखालून काढून तर्जनीखाली दिलं. ते लोण्यासारखं दाबलं गेलं. हेमांगी त्या सुरकुतलेल्या हातांकडे बघतच राहिली.

"समोर कोण उडणार आहे?" तिने विचारलं.

"माझी लेक," तो म्हणाला. "तिची जॉयस्टिकही तुमच्या माणसाने अशीच लावली असेल."