आबांची सेमीफायनल

साठ वर्षांपूर्वी साखर कारखान्यांची पहिली राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा कोल्हापुरात झाली होती. हरेल तो घरी, अशी. तिच्या सेमीफायनलपर्यंत गेलेल्या संघाचे कॅप्टन म्हणून गुंडूआबांचा आज सत्कार होता. भाषण लिहायला नात अनुजा वही घेऊन बसली.

“आबा, पहिली मॅच कशी जिंकलासा?”

“लखनौकडची टीम. पावणं म्हणून आदल्या दिशी घरी जेवायला बोलावलं. तुझ्या आजीनं तांबडा रस्सा केलता. सकाळी मैदानावर चौघंच आली.”

“आणि दुसरी?”

“बिहारची. त्यातला एकबी आला न्हाय.”

अनुजानं पेन खाली ठेवलं. “मग सेमीफायनलला काय झालं?”

“आंध्रची पोरं हुती. चार-चार वाट्या रस्सा ओरपला आणि वर म्हणाली, वहिनी, जरा तिखट आणा की. दुसऱ्या दिशी सात गोल मारलं.”

स्वयंपाकघरात भांडं आदळलं. धोंडुआजी पदराला हात पुसत बाहेर आली.

“रश्शात घालायची माझी चटणी त्याच दिशी संपली. शेजारणीकडनं मागून आणली, ती निघाली ब्याडगी मिरचीची. नुसता रंग, तिखटाचा पत्ता न्हाय! न्हायतर फायनल माझीच हुती.”