फ्रीजचा खोका

"बाबा, आजच्या दिवस तरी राहू द्या हो," संचिता म्हणाली.

ती जिन्याच्या तोंडाशी उभी होती आणि तिचे सासरे, दशरथ धुमाळ, गंजीफ्रॉक आणि अर्ध्या चड्डीवर आवारात पुठ्ठ्याच्या खोक्यांमध्ये बसले होते. अकरा वाजता त्यांच्या मुलीला, नेहाला, बघायला पाहुणे येणार होते.

"आत्ता कुठे सव्वानऊ होतायत. ते नवघरहून इथे नाक्यावर पोचले की मिस्ड कॉल देणार आहेत ना? मग? रद्दीवाला दहाला येतो. तो हुकला तर हे सगळं उद्या कचऱ्याच्या गाडीत जाईल."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत."

संचिता वर गेली. पोह्यांचे कांदे चिरायचे होते.

पेणकरपाड्याजवळची ती बिल्डिंग नवीन होती. रोज कुणीतरी राहायला यायचं आणि टीव्हीची, मिक्सरची, पंख्याची रिकामी खोकी जिन्याखाली टाकायचं. त्यातच भाजीची देठं, चहाचा चोथा. ओला पुठ्ठा रद्दीवाला घ्यायचा नाही. दशरथना ते बघवत नसे. रायगडातल्या एका कागद गिरणीत, जुन्या पुठ्ठ्याचा लगदा करायच्या खात्यात त्यांची अठ्ठावीस वर्षं गेली होती. मुलाकडे राहायला आल्यापासून मात्र 'बाबा, तुम्ही आराम करा' एवढंच काम त्यांच्या वाट्याला उरलं होतं.

त्यांनी सुरीच्या टोकाने चिकटपट्टीची कड उचलली आणि ती एका ओढीत काढली. मग पकडीने तारेच्या पिना उपटून डब्यात टाकल्या. तळ उघडला, खोका आडवा केला, तो चपटा झाला. थर्माकोल वेगळा, प्लॅस्टिक वेगळं. फरसाणचा तेलकट खोका त्यांनी हुंगला आणि बाजूला फेकला.

"ओ भय्या, इधर धुमाळ किधर रहते हैं?"

दशरथनी वर पाहिलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केसांना भांग, कपाळावर गंध. साठीचा गृहस्थ. बघताक्षणी त्यांच्या लक्षात आलं. पाहुणे! मिस्ड कॉल न देता, दीड तास आधी. आपल्या अंगावर गंजीफ्रॉक, मांडीवर धूळ. 'मीच तो' म्हणायला जीभ उचलेना.

"तीसरा माला," ते पुटपुटले आणि मान खाली घालून फ्रीजचा खोका ओढू लागले.

खोका त्यांच्याहून उंच होता. एक बाजू दाबली की दुसरी उठायची. गृहस्थ जिन्याकडे दोन पावलं गेला, थांबला, परत आला.

"असा नाही ऐकायचा तो. डबल पुठ्ठा आहे." तो आता मराठीत बोलत होता. "मी इकडून धरतो. तुम्ही तळ सोडवा."

"शर्ट खराब होईल तुमचा."

"होऊ दे. ट्रॅफिकच्या भीतीने लवकर निघालो आम्ही. माझी मंडळी नाक्यावर फळं घेतायत, भाव करण्यात अर्धा तास जाईल." त्याने बाह्या वर केल्या. "भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॅकिंगला आहे मी. तीस वर्षं खोकी बांधतोय. सोडतोय मात्र आज पहिल्यांदा. पण या पिना एवढ्या निगुतीने कशाला काढताय?"

"एक पिन राहिली ना, की मशीनची जाळी फाटते. मग अख्खी पाळी सगळे बसून." दशरथ सांगू लागले आणि सांगता सांगता खुलले. "आणि तेल लागलेला पुठ्ठा तर नकोच. लगद्यात तवंग येतो. मग कागदावर डाग पडतात."

"आणि आम्ही खुशाल पिनांवर पिना मारतो!"

"सुतळीने बांधलात तर गिरणीवाले दुवा देतील."

दोघं हसले. एवढ्यात वरून हाक आली. संचिता तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून वाकली होती. "बाबा, मिस्ड कॉल आलाय! चला, अंघोळ करून घ्या. पाहुण्यांनी तुम्हाला असं बघितलं तर काय म्हणतील?"

गृहस्थाने वर पाहिलं. मग समोर पाहिलं. तिसरा मजला, बाबा, पाहुणे. त्याचा हात खोक्यावर तसाच राहिला.

"धुमाळ?"

"मीच." दशरथनी धुळीचे हात जोडले. "माफ करा. या अवताराची लाज वाटली."

"लाज मला वाटायला हवी. भय्या म्हणून हाक मारली तुम्हाला." गृहस्थाने हात जोडले, तेही तितकेच मळलेले. "मी सदू खेडेकर. सूरजचा बाप."

तेवढ्यात फ्रीजच्या खोक्याने संधी साधली आणि दाबलेली बाजू फटकन उठून उभी राहिली.

"चढा वर!" खेडेकर ओरडले. "मी म्हणतो, चढा!"

नेहा कानातलं घालत गॅलरीत आली तेव्हा खाली दोन म्हातारे एकमेकांचे खांदे धरून खोक्यावर उड्या मारत होते. एक तिचे बाबा होते. दुसऱ्याचा पांढरा शर्ट पाठीवर तपकिरी झाला होता आणि हसून हसून त्याला धाप लागली होती. रद्दीवाला सायकल धरून दोघांकडे बघत उभा होता.

"हे कोण गं, वहिनी?"

"सूरजचे वडील असावेत," संचिता कपाळावर हात मारत म्हणाली. "आता काय करायचं?"

नेहा कठड्यावर कोपरं टेकून बराच वेळ बघत राहिली.

"सासरे पसंत आहेत," ती म्हणाली. "मुलाला येऊ दे, मग त्याचं बघू."